पालकांना शाळा कशासाठी बोलावते?

नवी मुंबईच्या ऐरोली-रबाळे पट्ट्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेचा कार्यभार नुकताच स्वीकारलेल्या मुख्याध्यापिकांनी विचारले आहे की, त्यांच्या शाळेत आठवी ते दहावीच्या पालकसभांना जेमतेम चौथा हिस्सा पालक येतात, आलेल्यांपैकी काही जण चढ्या आवाजात बोलतात, ज्यांनी यावे असे शिक्षकांना वाटते ते कधीच फिरकत नाहीत, आणि ‘आमचे पालकच उदासीन आहेत’ हे वाक्य स्टाफरूममध्ये सर्वमान्य झाले आहे. अशा वेळी पालकांशी चांगले संबंध कसे जोडावेत? ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांत वर्गशिक्षक, पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून केलेल्या कामाच्या आधारे मी हे उत्तर लिहीत आहे.

सभेची उपस्थिती बाजूला ठेवून आपण आधी एक काम करावे, असे मी सुचवतो. मागील वर्षी शाळेने एखाद्या साधारण विद्यार्थ्याच्या घरी किती वेळा आणि कशासाठी संपर्क साधला, याची यादी कार्यालयाकडून आणि वर्गशिक्षकांकडून काढावी. बहुतेक शाळांत ती अशीच निघते: आधार कार्डावरची जन्मतारीख जुळत नाही, सहलीचे पैसे राहिले आहेत, संमतीपत्रावर सही हवी आहे, मुलाने मारामारी केली आहे, घटक चाचणीत गुण कमी पडले आहेत. कागद, पैसा किंवा अपराध यांपलीकडे चौथे कारण त्या यादीत सहसा सापडत नाही. ज्या घराला वर्षानुवर्षे शाळेचा एवढाच अनुभव आला, त्या घराने सभेची सूचना पाहूनही कामाचा खाडा केला नाही, तर तो निर्णय त्याच अनुभवातून घेतलेला असतो. म्हणून बोलावण्याची कारणे बदलणे हे पहिले काम आहे, आणि सभेची वेळ, जागा, समित्या, ग्रुप या सगळ्यांचा विचार त्यानंतर करावा.

तरीही वेळेबद्दल आधी लिहितो, कारण तिथे सुधारणा लगेच करता येते. आपल्या शाळेच्या परिसरात राहणारे पालक कोण आहेत, हे पटावरच्या ‘व्यवसाय’ या रकान्यावरून कळत नाही. तिथे बहुतेकांपुढे ‘नोकरी’ एवढेच लिहिलेले असते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत माथाडीचे काम करणाऱ्या वडिलांचा दिवस भाजीपाला बाजारात पहाटेच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता ते एकतर बाजारात असतात किंवा घरी नुकतेच झोपलेले असतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कंपन्यांत कंत्राटावर असलेल्या पालकाची पाळी दर आठवड्याला बदलते आणि सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार जातो. घरकाम करणाऱ्या मावशींना सकाळच्या वेळेत चार घरे असतात आणि एका घरी उशीर झाला की पुढची तिन्ही घरे बोलतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांतील पालकांची अडचण वेगळी असली तरी तितकीच खरी आहे. आई-वडील दोघेही सकाळी मुंबईकडे निघतात आणि रात्री आठनंतर परततात. अशा वस्तीत ‘शनिवारी शाळा सुटल्यावर’ ही सभेची वेळ कोणासाठी ठरलेली असते, याचे प्रामाणिक उत्तर ‘शिक्षकांसाठी’ असेच द्यावे लागते.

प्रवेशाच्या किंवा पुस्तकवाटपाच्या वेळी प्रत्येक पालकाला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: फोन कोणत्या वेळी केलेला चालेल, आणि आठवड्यातील कोणत्या दिवशी कोणत्या वेळी शाळेत येणे जमेल. त्यानुसार एका तुकडीची सभा दोन वेळांत विभागावी, एक रविवारी सकाळी आणि एक कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला. रविवारी आलेल्या शिक्षकांना बदली रजा द्यावी. ती दिली नाही तर हा उपक्रम एका सत्रापलीकडे टिकत नाही आणि टिकावा अशी अपेक्षा करणेही न्याय्य नाही. गणपतीच्या आधीचा आठवडा मात्र टाळावा. कोकणातल्या गावी जाणारी कुटुंबे तेव्हा निघण्याच्या तयारीत असतात, आणि आगरी-कोळी गावठाणांतही त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते.

शाळेच्या फाटकाविषयीही लिहिले पाहिजे, कारण पालकाची शाळेशी पहिली भेट वर्गशिक्षकाशी होत नाही. ती फाटकावरच्या सुरक्षारक्षकाशी, शिपाईमामांशी आणि कार्यालयातील लिपिकाशी होते. आपल्या भागातील अनेक आयांची स्वतःची शाळा पाचवी-सातवीत सुटलेली असते आणि मुख्याध्यापकांचे दालन त्यांच्या आठवणीत शिक्षेची जागा म्हणून राहिलेले असते. अशा बाईंना खिडकीतून ‘काय पाहिजे?’ असे विचारले, अरे-तुरे केले, अर्धा तास उभे ठेवले, तर पुढची सगळी सौजन्यपूर्ण भाषा वाया जाते. आलेल्या पालकाला ताई किंवा दादा म्हणून हाक मारावी, बसायला खुर्ची द्यावी, पाणी विचारावे आणि किती वेळ थांबावे लागेल ते सांगावे. या सूचना कार्यालयीन कर्मचाऱ्यांना लेखी न देता त्यांच्यासोबत बसून द्याव्यात, कारण त्यांच्याही काही अडचणी असतात. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला तीन खेपा घालाव्या लागतात त्यामागे पुष्कळदा लिपिकाचा आळस नसतो, तर संगणकावरच्या नोंदींचा घोळ असतो.

आता मुख्य गोष्ट. जून आणि जुलैमध्ये, कोणतीही तक्रार निर्माण होण्याआधी, वर्गशिक्षकाने तुकडीतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी एक फोन करावा. साठ विद्यार्थ्यांची तुकडी असली तरी रोज दोन फोन केले तर सुट्ट्या वगळून महिना-सव्वा महिन्यात हे काम पूर्ण होते, आणि एका फोनला तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. फोनवर वर्गशिक्षकाने स्वतःची ओळख सांगावी, त्या मुलाविषयी वर्गात स्वतः पाहिलेली एक खरी गोष्ट सांगावी आणि मग एक प्रश्न विचारावा: ‘आपल्या मुलाबद्दल शाळेला माहीत असावे असे काही आहे का?’ पाहिलेली गोष्ट खरी आणि नेमकी असली पाहिजे. ‘तुमची मुलगी हुशार आहे’ हे कोणत्याही मुलीविषयी म्हणता येते आणि पालकांना ते लगेच ओळखू येते; ‘काल शेजारच्या मुलीला भागाकार समजत नव्हता, तो तुमच्या मुलीने शांतपणे समजावून दिला’ हे वाक्य मात्र तिला पाहिल्याशिवाय सुचत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर वर्गशिक्षकाने आपल्या वहीत दोन ओळींत लिहून ठेवावे.

या एका प्रश्नातून काय मिळते, याचे एक उदाहरण देतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात फुलांचा धंदा करणाऱ्या कुटुंबातील नववीचा एक मुलगा पाचव्या-सहाव्या तासाला रोज झोपत असे आणि तीन विषयशिक्षकांनी त्याच्या डायरीत शेरे लिहिले होते. वर्गशिक्षिकेने आईला फोन केला तेव्हा तिने सांगितले की श्रावण लागला की मुलगा पहाटे वडिलांबरोबर दादरच्या फुलबाजारात जातो, कारण एकट्याला ओझे उचलत नाही. हे घरात कोणीच लपवले नव्हते; शाळेतून कोणी विचारलेच नव्हते. पुढे वडील दुकान बंद केल्यावर शाळेच्या संध्याकाळच्या वेळेत येऊन बसले आणि त्यांनी स्वतःच सुचवले की चाचणीच्या आठवड्यात आणि सोमवारी मुलाला नेणार नाही. शिक्षिकेने गणपती आणि नवरात्राच्या गर्दीच्या दिवसांचा अभ्यास आधी नेमून द्यायचे कबूल केले. मुलाची झोप पूर्णपणे गेली नाही, पण शेरे थांबले, आणि नववीत जी मुले हळूहळू शाळेतून गळतात त्यांत तो गेला नाही.

पहिल्या फोननंतर संपर्क चालू ठेवण्यासाठी लांब पत्रांची गरज नसते. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माध्यमिक स्तरावर मागे पडलेल्या विद्यार्थ्यांच्या उन्हाळी वर्गात काही पालकांना शिक्षकांकडून आठवड्याला फक्त एका वाक्याचा, त्या मुलापुरता संदेश पाठवला गेला. ज्यांच्या पालकांना संदेश गेले नाहीत त्यांच्यापैकी १५.८ टक्के विद्यार्थ्यांना त्या विषयाचे श्रेय, म्हणजे तो पूर्ण केल्याची मान्यता, मिळाले नाही. संदेश गेलेल्यांत हे प्रमाण ९.३ टक्के होते. मुले मध्येच वर्ग सोडून जाण्याचे प्रमाण घटले, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. माझ्या दृष्टीने त्यातील अधिक उपयोगाची गोष्ट अशी की, नुसत्या कौतुकाच्या संदेशांपेक्षा, पुढे काय सुधारायचे आहे हे सांगणाऱ्या संदेशांचा परिणाम जास्त दिसला. तिथली शाळा आणि आपली शाळा यांत पुष्कळ अंतर आहे, परंतु हे निरीक्षण मला आपल्या वर्गांतही पटलेले आहे. ‘अभ्यासात लक्ष नाही’ हे वाक्य वाचून पालक काहीही करू शकत नाहीत, फक्त रागावू शकतात. ‘विज्ञानाच्या वहीत प्रकाशाच्या अपवर्तनाच्या आकृत्या अपूर्ण आहेत, शनिवारपर्यंत पूर्ण करून आणायला सांगा’ हे वाक्य वाचून विज्ञान न शिकलेली आईसुद्धा शुक्रवारी रात्री वही उघडायला लावू शकते. दर आठवड्याला साठ संदेश लिहिणे शक्य नसेल तर ज्या दहा-बारा मुलांचे पाऊल डळमळते आहे, त्यांच्यापासून सुरुवात करावी, मात्र त्या घरी आधीचा विनातक्रार फोन झालेला असावा.

प्राथमिक आणि माध्यमिक शाळेतील पालकसंबंधांत एक मूलभूत फरक आहे, आणि त्याकडे माध्यमिक शाळा पुरेसे लक्ष देत नाहीत. इथे विद्यार्थी तेरा ते सोळा वर्षांचा असतो. त्याला स्वतःचे मत असते, लाज असते, घरापासून काही गोष्टी राखून ठेवण्याची गरज असते, आणि शाळेचा निरोप घरी पोहोचवायचा की दप्तरातच ठेवायचा याचा निर्णय तोच घेतो. शिक्षक आणि पालक त्याच्यामागे त्याच्याविषयी बोलू लागले की तो दोघांनाही दूर सारतो. म्हणून वैयक्तिक भेटीत विद्यार्थी हजर असावा आणि पहिले बोलणे त्याचे असावे. त्याने आपली वही उघडून दाखवावी, कोणता विषय जमतो, कुठे अडते, ते आपल्या शब्दांत सांगावे. मग शिक्षकाने बोलावे, मग पालकांनी. पंधरा मिनिटांत हे होते. सुरुवातीला मुले मान खाली घालून गप्प बसतात, तेव्हा त्यांना आदल्या दिवशी वर्गात तीन वाक्ये लिहून आणायला सांगावे, म्हणजे बोलणे सुरू होते. वडिलांसमोर मुलाला तोंडघशी पाडण्याचे ठिकाण म्हणून ही भेट वापरली गेली तर ती पुन्हा होणार नाही, एवढे वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगावे.

याच संदर्भात एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. तक्रार सांगण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने विचार करावा की, हे ऐकल्यावर आज संध्याकाळी त्या घरात काय होईल. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक छळ करणे यांना मनाई आहे आणि शिक्षकांना ते माहीत असते; पण सर्वांसमोर वडिलांना खाली पाहायला लावणारी तक्रार केली की तीच शिक्षा जिन्यात किंवा घरी होते, आणि मुलाच्या मनात तिचा उगम शाळाच राहतो. पालकसभेत गुण मोठ्याने वाचणे, पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाची नावे घेणे, ‘त्या अमक्याच्या आईकडे बघा’ असे म्हणणे पूर्ण बंद झाले पाहिजे. सभेत फक्त सर्वांना लागू असलेल्या गोष्टी सांगाव्यात. एका मुलाविषयीचे बोलणे दार लोटलेल्या खोलीत व्हावे. कठीण गोष्ट सांगताना तिच्यासोबत पुढचे पाऊलही सांगावे आणि ‘घरी मारू नका, आपण शुक्रवारी पुन्हा बोलू’ हे वाक्य संकोच न करता उच्चारावे. पालक ते मानतात, विशेषतः ज्यांना शाळेने आधी एकदा चांगल्या गोष्टीसाठी फोन केलेला असतो ते.

पालकांकडून अपेक्षा काय ठेवायची, हेही स्पष्ट असावे. नववीचे बीजगणित किंवा दहावीचे विज्ञान पालकांनी शिकवावे ही अपेक्षा चुकीची आहे, आणि ‘घरी अभ्यास घ्या’ असे म्हटल्यावर अनेक पालकांना आपल्या अल्पशिक्षणाची लाज वाटून ते शाळेपासून आणखी दूर जातात. त्यांना जमण्यासारखे आणि खरोखर परिणाम करणारे काम दुसरे आहे: मूल रोज शाळेत जाईल हे पाहणे, रात्री मोबाइल त्याच्या उशाशी न राहता दुसऱ्या ठिकाणी राहील हे पाहणे, दिवसाकाठी ‘आज काय झाले वर्गात?’ असे विचारून दोन मिनिटे ऐकणे, आणि दहावीच्या वर्षी घरातील कार्यांच्या तारखा परीक्षेचे वेळापत्रक पाहून ठरवणे. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते आणि बहुतेक विषयांत ८० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर २० गुण शाळेतील मूल्यमापनाचे किंवा प्रात्यक्षिकाचे असतात, हे पालकांना जूनमध्येच उलगडून सांगितले तर हजेरीचे महत्त्व त्यांना वेगळे पटवावे लागत नाही. अर्ज, चुकीची स्पेलिंग, विषयांची निवड यांच्या दुरुस्त्यांसाठी वाशीच्या विभागीय मंडळात ऐनवेळी खेपा घालाव्या लागतात, त्या टाळण्यासाठी भरलेला अर्ज पालकाला समोर बसवून वाचून दाखवावा.

माध्यमिक शाळेत विश्वास सर्वाधिक कुठे तुटतो, असे मला कोणी विचारले तर मी नववीच्या निकालाचे नाव घेईन. आठवीपर्यंत बहुतेक मुले वर सरकत राहतात, प्रगतिपुस्तकात श्रेणी लिहिलेल्या असतात, आणि मुलाला सलग वाचता येत नाही किंवा अपूर्णांक येत नाहीत हे घरात पहिल्यांदा नववीच्या एप्रिलमध्ये कळते. त्याच वेळी काही शाळा पालकांना सुचवतात की, मुलाला इथून काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. खासगीरीत्या परीक्षा देण्याची ही सोय ज्यांची शाळा काही कारणाने सुटली त्यांच्यासाठी फार मोलाची आहे. शाळेचा दहावीचा निकाल सजवण्यासाठी चालू विद्यार्थ्याला तिकडे ढकलणे ही मात्र त्या कुटुंबाशी केलेली प्रतारणा आहे. एका घराला असा अनुभव आला की त्या चाळीत, त्या सोसायटीत, त्या गावठाणात शाळेविषयीचे मत पुढील अनेक वर्षांसाठी ठरून जाते. म्हणून मागे असलेल्या मुलाची खरी स्थिती आठवीच्या किंवा नववीच्या ऑक्टोबरमध्येच, त्याची वही आणि उत्तरपत्रिका समोर ठेवून, पालकांना सांगावी, आणि शाळा त्यासाठी आठवड्यातून किती तास काय करणार आहे तेही सांगावे. वाचन-लेखनातील अडचण अध्ययन अक्षमतेची असू शकेल अशी शंका असेल तर तपासणी आणि प्रमाणपत्रासाठी मोठ्या सरकारी-महापालिका रुग्णालयांत बराच काळ जातो. ती प्रक्रिया आठवीत सुरू झाली तरच जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती दहावीच्या परीक्षेत वेळेवर मिळतात. ‘तुमच्या मुलात दोष आहे’ असे ऐकू येईल अशा रीतीने हे कधीही सांगू नये, आणि फोनवर तर नकोच.

समित्यांविषयी थोडक्यात लिहितो. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित शाळेतही आठवीपर्यंतच्या शिक्षणाशी संबंधित शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने खासगी शाळांत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत शिक्षक-पालक संघ स्थापन करणे आणि त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडणे बंधनकारक केले आहे. सोडतीचा नियम महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे संस्थेच्या ओळखीचे दोन-चार पालकच वर्षानुवर्षे समितीत राहत नाहीत. ती सोडत सर्वांदेखत, चिठ्ठ्या दाखवून काढावी. त्यानंतर समितीपुढे खरे निर्णय ठेवावेत. मुलींच्या स्वच्छतागृहाची स्थिती, गणवेश एकाच दुकानातून घ्यावा लागतो का, सहलीचा खर्च कोणाला झेपणार नाही, दुपार सत्र सुटल्यावर अंधारात मुली कोणत्या रस्त्याने जातात, हे विषय पालकांना शाळेपेक्षा जास्त माहीत असतात. ज्या समितीला फक्त स्नेहसंमेलनाच्या दिवशी खुर्च्या मांडायला आणि इतिवृत्तावर सह्या करायला बोलावले जाते, तिच्यातील पालक दुसऱ्या वर्षी येत नाहीत, आणि मला त्यांचे काही चुकते असे वाटत नाही. इतिवृत्त साध्या मराठीत सूचनाफलकावर लावावे. सभेत नीट बोलता येणारे, इंग्रजी पत्रव्यवहार करू शकणारे पालक सगळा वेळ घेतात. तेव्हा अध्यक्षांनी न बोललेल्या आयांना नाव घेऊन विचारावे आणि त्यांचे उत्तर संपेपर्यंत कोणालाही मध्ये बोलू देऊ नये.

चढ्या आवाजात बोलणाऱ्या पालकांचा आपण उल्लेख केला आहे. ओरडणारा पालक बहुतेक वेळा तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असतो. पहिल्या दोन वेळा ती कोणाला सांगितली आणि तिचे काय झाले, हे शोधल्यास शाळेतील तक्रारीची वाट कुठे बंद पडते ते दिसते. प्रत्येक तक्रार, तोंडी असली तरी, त्याच दिवशी एका वहीत नोंदवावी, ती कोण पाहणार आहे त्याचे नाव पालकाला सांगावे, आणि ठरावीक दिवसांत उत्तर द्यावे. उत्तर ‘हे शक्य नाही’ असे असले तरी कारणासह द्यावे. शिक्षकावर तक्रार असेल तर शिक्षकाचे म्हणणे ऐकण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी पालकांसमोर त्याला दोषी ठरवू नये, आणि पालकाचे ऐकण्यापूर्वी त्याची बाजूही घेऊ नये.

एका प्रकारच्या तक्रारीत मात्र चौकशी, समजूत, संस्थेची अब्रू यांतल्या कशालाही जागा नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शक्यता कळली की पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे हे शाळेचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातील बदलापूरमध्ये लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघड झाले तेव्हा २० ऑगस्टला पालक आणि नागरिक रुळांवर उतरले आणि कित्येक तास लोकलगाड्या बंद राहिल्या. वेळीच ऐकले गेले नाही ही भावना त्या संतापाच्या मुळाशी होती. त्यानंतर ठाणे जिल्ह्यातील प्रत्येक पालक शाळेकडे ‘इथे माझ्या मुलाचे वेळीच ऐकले जाईल का?’ या प्रश्नासह पाहतो, आणि तसे पाहण्याचा त्याला अधिकार आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीत कोण आहेत, स्वच्छतागृहांच्या बाजूला कोणाची नेमणूक असते, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे पालकांनी विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच सभेत सांगावे.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल माझे मत कडक आहे. वर्गाच्या ग्रुपवर फक्त शाळेकडून सूचना जाव्यात आणि इतरांचे लिहिणे बंद असावे; गुण, गैरहजेरी, थकीत पैसे, वर्गात उभे केलेल्या मुलाचे छायाचित्र यांपैकी काहीही तिथे टाकू नये. ज्यांना वाचणे अवघड जाते त्यांच्यासाठी तीच सूचना अर्ध्या मिनिटाच्या आवाजात पाठवावी, आणि दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्त्यांतून येणाऱ्या हिंदी भाषक पालकांसाठी हिंदीतही. रात्री आठनंतर शिक्षकाने उत्तर देणे अपेक्षित नाही, हे पालकांना सुरुवातीलाच सांगितले तर ते समजून घेतात. फोनसाठी शाळेचा वेगळा क्रमांक असावा, म्हणजे शिक्षिकांना आपला खासगी क्रमांक साठ घरांत द्यावा लागत नाही.

घरभेटी सरसकट करू नयेत. सलग गैरहजेरी, घरातील मृत्यू किंवा आजारपण, मुलीचे शिक्षण थांबवण्याची चर्चा कानावर येणे, अशा प्रसंगी दोन शिक्षकांनी आधी विचारून जावे, आणि घराची पाहणी करत आहोत असे वाटू न देता दहा मिनिटांत निघावे. एका खोलीच्या घरात अचानक आलेल्या बाईंना कुठे बसवायचे, या संकोचाने त्या घराला फार त्रास होतो.

हे सारे वर्गशिक्षकावर येऊन पडते आणि त्याच्याकडे वेळ नाही, हे खरे आहे. मतदार यादीचे काम, यूडायस आणि सरल या शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी संगणक प्रणालींवरील नोंदी, परीक्षांची कामे यांखाली तो दबलेला असतो. मुख्याध्यापकांनी इथे नेमके एक काम करावे: वेळापत्रकात प्रत्येक वर्गशिक्षकाला आठवड्यातून एक तास पालकसंपर्कासाठी मोकळा द्यावा, त्या तासाला त्याला बदली तासावर पाठवू नये, आणि त्या बदल्यात एखादा अहवाल, एखादी स्पर्धा, एखादा दिनविशेष रद्द करावा. काहीही कमी न करता हे नवे काम सांगितले तर शिक्षक फोन न करताच वहीत ‘संपर्क साधला’ असे लिहितील, आणि आपल्याला ते कळणारही नाही. ऑगस्टअखेर मुख्याध्यापकांनी स्वतः दहा-बारा घरी फोन करून वर्गशिक्षकाचे नाव पालकांना माहीत आहे का, एवढेच विचारावे. प्रगती मोजण्यासाठी सभेच्या हजेरीपेक्षा मी दुसरी खूण पाहतो: मूल गैरहजर राहण्यापूर्वी किंवा घरात काही घडल्यावर पालक आपणहून वर्गशिक्षकाला कळवू लागले का. पहिल्या वर्षी असे पालक थोडेच असतात.

राहिला प्रश्न वर्गशिक्षकाच्या त्या वहीचा. नववीचा वर्ग दहावीत जाताना नवीन वर्गशिक्षकाला पालकांच्या सोयीची वेळ, फोन कोण उचलते, मुलाचे आजार, त्याच्या अभ्यासातील अडचणी आणि त्याबाबत काय ठरले होते, एवढी माहिती समोर बसून द्यावी. आई-वडिलांतील भांडण, वडिलांचे व्यसन, घरातील कर्ज यांसारख्या ज्या गोष्टी पालकांनी विश्वासाने सांगितल्या, त्या त्यांना विचारल्याशिवाय पुढे देऊ नयेत, स्टाफरूममध्ये उच्चारू नयेत, आणि ती पाने वर्षअखेर फाडून नष्ट करावीत.